दूध निवेपर्यंत

डोणगाव, ता. मेहकर
दि. २१ नोव्हेंबर २०२४, गुरुवार

सिंधू,

तुले वच्छलाचा जयभीम. तिकडून तू मले रामराम म्हणून टाक, म्हणजे माझे देव खुश अन् तुझं देव नसणंही खुश.

इकडे सर्व खुशाल. तूर फुलावर आहे, थंडी सुटली आहे, माझे गुडघे जिथल्या तिथे आहेत. पत्र लांबणार आहे, चष्मा पुसून घे.

फोन सोडून पत्र काऊन, म्हणशील. तुझ्या कानाचं मले माहीत आहे. फोनवर तू नुसतं 'हाव, हाव' करते. परवा मी मुद्दाम म्हटलं, "सिंधू, माझं लग्न ठरलं." तू म्हणाली, "हाव, बरं झालं. जेवण झालं का?" तेव्हाच ठरवलं. वाचता तर तुले येते. आयुष्यभर एसटीची पाटी, लग्नाच्या पत्रिका, गोळ्यांची पाकिटं, सगळं तूच मले वाचून दाखवलं. आता मले वाच.

पत्र लिहून राह्यली समोरच्या अन्नपूर्णाबाईची नवी सून, काजल. धाडची पोरगी. अक्षर टपोरं आहे म्हणतात. मले काय, मुंग्या चालल्या काय अन् अक्षर काय, सारखंच. मी बोलते तसंच लिही म्हटलं, पण ती माझं बोलणं थोडं धुऊन, पिळून, वाळवून मग कागदावर ठेवते. शिव्या तर सगळ्या गाळणार आहे. वाचताना तू आपल्या जागी घालून घे.

हो, अन्नपूर्णाबाईचीच सून. डोळे चोळू नको. शेळीनं कुरडया खाल्ल्या म्हणून ज्या बाईशी मी अबोला धरला होता, तिचीच सून माझ्या ओट्यावर मांडी घालून बसली आहे. कसं झालं ते सांगते. पण त्याच्या आधी दुसरं सांगायचं आहे.

संघपालचा फोन आला होता. तुले न सांगता केला त्यानं, त्याच्यावर रागावू नको. म्हणाला, "मावशी, आई बोलतच नाही. ताट अर्धं ठेवते. दिवसभर खिडकीत बसते. दवाखान्यात दाखवलं, तर सगळं ठीक आहे म्हणतात." पोराचा आवाज असा झाला होता, जसा शाळेतून मार खाऊन यायचा तेव्हा व्हायचा. मी म्हटलं, "पाहते बे मी, तू काळजी नको करू." फोन ठेवला अन् तशीच बसून राह्यली. कारण त्या दुखण्याचं नाव मले माहीत नाही, सिंधू, पण त्याची चव माहीत आहे.

तू संघपालकडे शहरात राहायले गेल्यावर फोनवर मी तुले काय काय सांगायची? आज पिठलं केलं, आज वांगं भाजलं, आज आशाबाईसोबत बाजारात गेली. ते सगळं खोटं होतं. काजल, थांबू नको, लिही. सगळं खोटं. चहा अन् टोस, फार तर खिचडी, तीही दोन दिवस पुरवायची. माझा गोपाल अमरावतीहून यायचा तेव्हा तेवढी कढई तापायची. असं नात्यातल्याले सांगत नाही माणूस. पोराले सांगितलं तर तो अमरावतीले चल म्हणतो, अन् तिथं जाऊन मी काय करू? नात छकुली शाळेत, पोरगा-सून दोघं नोकरीवर, अन् मी टीव्हीसमोर, टीव्ही माझ्यासमोर.

तुझ्या घराले कुलूप लागलं अन् मधल्या भिंतीवर वाटी येणं बंद झालं. आपल्या माणसांच्या मागं, तुझे दयारामभाऊ गेले, आमचे हे गेले, त्याच्याही मागं ती वाटी चालूच होती. तू रिकामी ठेवायची, मी विरजण भरून ठेवायची. कधी माझं बिघडलं, तर मी तोंड उघडायच्या आत तुझी वाटी भरलेली हजर. तुले कसं कळायचं, देव जाणे. तुझ्या वाटीतलं विरजण पहिल्यांदा आमच्या दुधात पडलं, तेव्हा सासूनं ते सगळं दही म्हशीले पाजलं होतं, आठवते? म्हैस काही बाटली नाही, उलट दूध वाढलं. पुढं म्हातारी त्याच विरजणाचं ताक भुरके मारून प्यायची अन् म्हणायची, आमच्या घराण्याच्या दह्याले चवच वेगळी.

तर तू गेली अन् मी म्हटलं, आता दही लावायचं कोणासाठी? विरजण तसंच राहू दिलं. आंबलं, पाणी सुटलं, हिरवं पडलं. टाकून दिलं. दूधवाल्या गोविंदाले सांगितलं, दूध बंद कर.

"काऊन वं आजी? माह्या दुधात पाणी वाटते का?"

"नाही रे, तुह्या पाण्यात दूध वाटते."

तो हसत गेला. दार लावल्यावर मले हसू आलं नाही.

यंदा पोळ्याच्या नंतर ताप आला मले. तुले सांगितला नव्हता. ताप उतरला, पण तोंडाची चव गेली ती गेलीच. अन् एक दिवस अशी कढी खावीशी वाटली, सिंधू, अशी, की डोळ्यात पाणी आलं. पोटुशी बाईले होत नसतील असे डोहाळे. गोविंदाकडून दूध घेतलं, दुकानातून दह्याचं पाकीट आणलं, लावलं. सकाळी चमचा घातला तर तार निघाली. पतंग उडवायच्या कामाचं दही.

आशाबाईकडे गेली. ती म्हणाली, "आम्ही तर पाकीटच आणतो, आजी. गल्लीत आता घरचं विरजण एकट्या अन्नपूर्णाबाईकडे."

बाप्पा! आता पाह्य. जन्मात कोणाच्या दारात वाटी घेऊन उभी राह्यली नव्हती मी. सगळी गल्ली माझ्याकडे यायची, अन् मी काही कमी ठसका दाखवायची नाही. तीच मी दिवसभर वाटी पदराखाली धरून दारापर्यंत जायची अन् परत यायची. कोंबडी बसायले जागा पाहते तसं. असं करता करता दिवेलागणी झाली.

काजल दारात होती. नवी नवी, तिले अबोला काय माहीत. माहीत होता म्हणते ही आता! हळद उतरायच्या आत चहाड्या पोचल्या म्हणायच्या.

"काय पाहिजे, आजी?"

मी वाटी पुढं केली. "विरजण," एवढंच निघालं तोंडातून.

आतून आवाज आला, "काजल, दिवे लागले. आता विरजण घराबाहेर देत नसतात."

नेम तर खराच. दिवे लागल्यावर लक्ष्मी घराबाहेर देत नाहीत, दूध नाही, दही नाही, विरजण नाही. मीच कितीजणींले या नेमावर परत लावलं. पण सिंधू, कानाच्या पाळ्या अशा तापल्या माझ्या. मी वळली. पायरी उतरली.

"आता चालल्या कुठं?" अन्नपूर्णाबाई दारात आली होती. किती सालांनी तिचं तोंड सरळ पाह्यलं मी. "विरजण बाहेर जात नाही म्हटलं. तुमच्या दुधाले आत यायले कोणी अडवलं? आणा दुधाचा गंज इकडं."

मी तापल्या दुधाचं पातेलं, तोच आपला गंज, घेऊन गेली. तिनं दुधात बोट घातलं अन् झटकलं. "हे तर चटका देते. आत्ता विरजण टाकलं तर वाया जाईन. बसा निवेपर्यंत."

झाली ना पंचाईत! दूध काय आपल्या सोयीनं निवते? बसली. ती इकडं, मी तिकडं, मधात गंज. दोघी दुधाकडे पाहून राह्यलो, जसं काही ते आता बोलणार आहे. तेवढ्यात एक शेळी आली अन् माझ्या पदराले तोंड लावलं.

मी विचारलं, "हीच का ती, कुरडया खाणारी?"

"नाही वं माय," अन्नपूर्णाबाई म्हणाली, "ती हिची आजी होती."

सिंधू, आधी ती हसली का मी, आठवत नाही. काजल चहा घेऊन आली तोपर्यंत आम्ही दोघी डोळे पुसून राह्यलो होतो. शेळ्यांच्या पिढ्या निघून गेल्या अन् मी त्याच कुरडया चावत बसली होती.

मग मी सहज विचारलं, "तुमचं विरजण कुठलं?"

ती म्हणाली, "तुमचंच."

मले वाटलं थट्टा करते. मग तिनं सांगितलं. तू गेली त्या सकाळी गाडी दारात उभी, संघपाल हॉर्न वाजवून राह्यला, अन् तू वाटी घेऊन तिच्या घरी गेली होती. म्हणाली होती, "हे मरू देऊ नका, बाई. वच्छला मागायले येणार नाही. पण आली तर नाही म्हणू नका."

अन्नपूर्णाबाई म्हणाली, "मी तर पाकीट आणणारी. पण तेव्हापासून रोज लावून राह्यली. पाहुणे असो, लग्न असो, चमचाभर बाजूले ठेवून देते. म्हटलं, त्या आल्या अन् नेमकं माह्याकडे नसलं तर?"

सिंधू, हे मले अजून पुरतं समजत नाही. मी बंद दाराच्या आत टोस बुडवून खाऊन राह्यली होती, समजत होती की आपलं कोणी नाही. अन् समोरच्या घरात, जिच्याशी मी बोलत नव्हती ती बाई, रोज माझ्या नावाचं चमचाभर जिवंत ठेवून राह्यली होती. एक उन्हाळा नाही, दोन. अन् तू! तू मले न सांगता हे करून गेली. तुले माहीत होतं माझं काय होणार ते. माझ्या विरजणाचं तुले आधी कळायचं, तसंच.

दूध बोटाले सोसेल असं झालं. "तुमच्या हातानं टाका," ती म्हणाली. मी चमचा टाकला, गंज गोधडीत गुंडाळून तिच्याच घरी ठेवला. सकाळी झाकण काढलं. वरून आरशासारखं, गंज वाकडा केला तरी हलेना. जन्मभर दही लावलं मी, पण त्या सकाळी नुसती पाहतच उभी राह्यली. एवढासा चमचा. एवढ्या सगळ्या दुधाले त्यानं कसं सांगितलं असेल? कोणी पाह्यलं नाही, आवाज झाला नाही. काजल म्हणते, शाळेत शिकवतात ते जिवाणू असतात. असतील बाई. मी हात जोडले.

आता माझ्या घरी विरजण आहे. तरी संध्याकाळी मी गंज तिकडेच नेते. "थंडीत माझ्या घरी लागत नाही," असं सांगते. अन्नपूर्णाबाई खरं वाटल्यासारखं करते. आशाबाईही आता आपलं पातेलं आणते. दूध निवेपर्यंत बसतो. कोणी वाती वळते, कोणी लसूण सोलते, कोणी नुसत्या उखाळ्यापाखाळ्या काढते. या काजलले आधी धाडची आठवण येऊन रडू यायचं, आता माझ्या नकला करून दाखवते. ते काही लिहून नाही राह्यली ती, पाह्य.

काल तिले हाक आली म्हणून इथं थांबलो. आज दुपारी पुढं लिहितो आहोत.

आता तुझं. तुले विरजण पाठवावं असं मनात आलं होतं. जुन्या बाया करायच्या तसं, धुतलेलं फडकं दह्यात बुडवून सावलीत वाळवायचं अन् पोस्टात टाकायचं. अन्नपूर्णाबाईनं फडकंही काढून ठेवलं. मग मी नाही म्हटलं. मी पाठवलं तर तू दार लावून घेशील अन् आत एकटीच दही लावशील. तू मले ओळखते तसं मी तुलेही ओळखते. आपण दोघी देणाऱ्या बाया, सिंधू. मागायची वेळ आली की ताप येतो आपल्याले.

संघपालले विचारलं, तिकडे तुमच्या समोरच्या दारात कोण राहते? म्हणाला, केरळची बाई आहे, तुझ्याच वयाची, मुलगी-जावई कामाले जातात, दिवसभर एकटीच असते. नाव विचारलं तर म्हणाला, "नाव... माहीत नाही, मावशी." अबे, दारासमोर दार अन् नाव माहीत नाही! पण पोरगं एक कामाचं बोललं. त्या घरी दही घरचंच असते, जिन्यात ताकाच्या फोडणीचा वास येतो.

तर तू जा. दिवे लागायच्या आत, उजेडी जा. दार वाजव अन् रिकामी वाटी पुढं कर. तुले ऐकू येत नाही, तिले मराठी येत नाही, एवढी बरोबरीची मैत्रीण तुले डोणगावात मिळाली नसती. वाटी पुढं करताना हात किती जड होतो ते मले माहीत आहे. भरलेला गंज हलका वाटतो त्याच्यापुढं. तरी कर. तिनं नाही म्हटलं तर माझ्या नावानं शिव्या दे, ऐकायले मी तिथं नाहीच.

इकडे ये म्हणत नाही मी तुले. संघपालले तू पाहिजे अन् तुले संघपाल. तुझा ओटा झाडून घेतो आम्ही, तुळशीसारखा. अन् मी फोनवर म्हटलं होतं ना, मले काही तुझी एवढी आठवण येत नाही? काजल, तेही त्या पिठल्याच्या अन् वांग्याच्या रांगेत लिही.

उत्तर धाड. तब्येतीचं लिहू नको, ते मी संघपालले विचारीन. जेवली का, झोपली का, तेही नको, त्यात तू मले फसवशील, मी तुले फसवलं तसं. एकच गोष्ट लिही. त्या बाईचं नाव. मनानं काही ठोकू नको, केरळचं नाव तुले सुचणार नाही. ते तिच्या दारात जाऊनच आणावं लागेल.

आम्ही सगळ्या ऐकायले बसू.

त्या नावाची वाट पाहणारी,
तुझी वच्छला