जयच्या पाठची

फुजैरा,
९ फेब्रुवारी २०२५

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझे चार फोन येऊन गेले ते पाहिले. उचलले नाहीत म्हणून रागावू नकोस. ऑफिसात मी बोलते, भाजीवाल्याशी बोलते, पण फोनवर घरचं कुणी उर्मे म्हणून हाक मारली की पुढे आवाज फुटत नाही. माझ्या जयला जाऊन चौदा महिने झाले, तेव्हापासून हे असंच आहे. म्हणून पत्र लिहिते. ऑफिसातला रुपेश, कागलचा, उद्या सुट्टीवर निघतोय. तो हातोहात पोचवील.

बातमी अशी की गुरुवारी आमच्या पोस्टाच्या पेटीत एडिनबरोहून जाड लिफाफा आला. आपली केया तिच्या वडिलांच्या कुळाची प्रमुख ठरली. स्कॉटलंडात एका आडनावाच्या सगळ्यांचं मिळून एक कुळ असतं आणि त्याला एक प्रमुख असतो, हे तुला कॅलमने लग्नानंतर समजावलं होतं. तू तेव्हा म्हणालास, म्हणजे पाटीलच की. तर या मॅकॉर्डन कुळाला दोनशे वर्षं पाटील नव्हता. थोरली शाखा कुठे पांगली ते कुणाला ठाऊक नव्हतं. जयने चार वर्षं चर्चच्या वह्या आणि जहाजांवरच्या उतारूंच्या याद्या धुंडाळून दाखवून दिलं, की थोरली शाखा त्याच्या बाबाचीच. कॅलम तर त्याच्या आधीच गेलेला, म्हणून जयने स्वतःच्या नावाने अर्ज केला. अर्ज तिकडे पोचला आणि इकडे मसाफीच्या रस्त्यावर गाडीचा टायर फुटला. पुढे तोच अर्ज केयाच्या नावाने चालला. तिकडे वंशावळींचं रीतसर न्यायालय आहे, त्याने आता शिक्का दिला.

जमीन मिळत नाही, किल्ला नाही, पगार नाही. टोपीत गरुडाची तीन पिसं लावायचा मान मिळतो. मला काय वाटलं विचारशील, तर काही नाही. लिफाफा पिशवीत मेथीच्या जुडीखाली ठेवला, घरी आले आणि मेथी निवडत बसले.

ऑगस्टमध्ये तिकडे समारंभ आहे. प्रमुखाला एका जुन्या दगडावर उभं करतात, हातात पांढरी काठी देतात आणि एक म्हातारा कुळाची नावं पहिल्यापासून म्हणतो. समितीने ती यादी मला पाठवली. जयनेच जुळवलेली, एकवीस नावांची. मी दिवसभर ऑफिसात जहाजांच्या किराण्याच्या याद्या तपासते, तशीच हीही दोनदा तपासली. विसावा कॅलम, एकविसावी कॅलमची मुलगी केया. जय नाही. बापाखाली लेक, लेकाखाली लेक अशी रेघ सरळ उतरते. भाऊ रेघेत बसत नाही.

आपल्याकडे सुगी झाली की घराण्याच्या पिढ्यांची नावं सांगायला हेळवी यायचा, तो अजून येतो का? त्याच्या चोपडीत जय आहे का, एवढं विचारून ठेव. कुठेतरी असावा.

वहिनीला नमस्कार. पूर्वीइतकीच माया राहू दे.

तुझी,
उर्मिला

•

गडहिंग्लज,
१६ मार्च २०२५

चि. उर्मिलास अनेक आशीर्वाद.

रुपेशने पत्र दिलं, वर खजुराचा डबाही दिला. डबा सुलभाने लगेच कडीकुलपात घातला. मला शुगर आहे, हे ती गावाला सांगते आणि खजूर एकटी खाते.

दुकानाच्या लेटरहेडवर लिहितोय, वरची नळांची चित्रं बघू नकोस. भाचीला गावभर पाटलीणबाई करून टाकली आहे. पाइप न्यायला येणारा प्रत्येक गवंडी मला विचारतो की स्कॉटलंडात पाण्याची सोय कशी आहे.

सत्याप्पा हेळवी परवा आला. पूर्वी त्याचा बाप बैलावर यायचा, हा मोटरसायकलवर येतो. चोपडी प्लास्टिकच्या पिशवीत. अंगणात बसून त्याने आपल्या अकरा पिढ्यांची नावं घडाघडा म्हटली. तू आहेस त्यात. उर्मिला, कन्या, दिली फुजैऱ्यास, असं लिहिलंय. फुजैरा कुठल्या तालुक्यात येतं असं त्याने मला विचारलं. मी म्हटलं, आजऱ्याच्या जरा पलीकडे.

जयचं मात्र कसं सांगू तुला. नाही. लेकीची मुलं जावयाच्या घरच्या चोपडीत जातात, आमच्या नाही, असं तो म्हणाला. सुलभाने त्याच्यापुढे धरलेलं जोंधळ्याचं सूप तसंच मागे घेतलं आणि आत गेली. मग मीच नेऊन दिलं. त्याचा काय दोष? तो रीत सांगतो.

पण उर्मे, तू समारंभाला जा. आपल्यात बाप गेला की पोराला पागोटं बांधताना मामाकडचं कापड लागतं. मी केयासाठी फेटा पाठवतोय, केशरी आहे. त्यावर गरुडाची पिसं बसतात का, ते तिकडच्या लोकांना विचारून कळव. मामाचा मान मी सोडणार नाही आणि तू आईचा सोडू नकोस.

सुलभा तुझ्यासाठी भडंग पाठवते आहे. तब्येत सांभाळ. आमचा जीव तुझ्यात आहे, हे लिहून दाखवायला लागू नये.

तुझा,
दादा

•

फुजैरा,
२० एप्रिल २०२५

ती. दादास,
सा. न. वि. वि.

फेटा पोचला. भडंग कुलसुमने संपवलं. समोरच्या फ्लॅटमधली, हैदराबादची. ती रोज संध्याकाळी येते, बसते आणि मी काही बोलले नाही तरी बोलत राहते. तिचं बरं आहे.

हेळव्याचं वाचलं. तो बरोबर बोलला. मग मी समितीच्या सेक्रेटरीबाईंना मेल केला, की यादीत केयाच्या आधी जयचं नाव घेता येईल का. त्यांचं उत्तर फार सभ्य आलं. नावं म्हणणाऱ्याची परंपरा सरळ रेघेची आहे, मध्ये भाऊ घातला तर रेघ तुटते, असं त्यांनी लिहिलं. कार्यक्रमपत्रिकेच्या शेवटच्या पानावर, जेवणाच्या वेळापत्रकाखाली, त्याच्या स्मृतीची एक ओळ छापू म्हणतात. मी थँक यू लिहून पाठवलं. राग आला असता तर बरं वाटलं असतं.

मी जाणार नाही, दादा. ज्याने यादी केली त्याला सोडून ती यादी म्हणतील, आणि मी पहिल्या रांगेत बसून ऐकू? मला तिथे काही होईल अशी भीती नाही. काही होणार नाही, याचीच आहे.

शुक्रवारी केया आली. ती आता जुमेरा लेक टॉवर्समध्ये मैत्रिणीबरोबर राहते, तिथेच नोकरी. भांडली माझ्याशी, सगळं इंग्रजीत. मी नाही आले तर ती दगडावर पायच ठेवणार नाही म्हणाली. मी म्हटलं, तुझी मर्जी. तेवढंच म्हटलं. मग ती जयच्या चार बॉक्स फाइलींकडे बघत राहिली. त्या जेवणाच्या टेबलावर त्याने ठेवल्या तिथेच आहेत. मी उरलेल्या अर्ध्या टेबलावर जेवते.

वहिनीला सांग, मी जेवते. हे ती विचारेलच.

आहे तो लोभ असाच असू दे.

तुझी,
उर्मिला

•

जुमेरा लेक टॉवर्स, दुबई,
१४ जून २०२५

डिअर मामा,
सा. न. वि. वि. (मम्माने शिकवलं होतं. फुल फॉर्म विचारू नकोस.)

मराठी टाइप करून प्रिंट काढली आहे. हाताने लिहिलं असतं तर वाचायला तुझा हेळवी बोलवावा लागला असता. मिस्टेक्स माफ कर. तुला फोन करता येतो मला, पण फोनवर तू आधी मला हसवतोस आणि मग मेन मुद्दा राहून जातो.

मला चीफ व्हायचं नव्हतं. हे जयचं वेड होतं. तो जेवताना पण सतराशे साली कोण कोणाचा मुलगा ते सांगायचा, आणि मी म्हणायचे, खलास, आता वरण दे. तो गेल्यावर वकिलांचा मेल आला, की अर्ज बंद करायचा की बहिणीच्या नावाने पुढे न्यायचा. मी येस लिहिलं. त्याचं काम अर्धं पडलेलं मला बघवत नव्हतं, बस. आता सगळे काँग्रॅच्युलेशन्स म्हणतात, आणि मला वाटतं मी त्याच्या खुर्चीवर बसले आणि कोणी विचारत पण नाही की खुर्ची कोणाची होती.

मम्माला मी धमकी दिली. चूक केली. परत घेतली. ती येणार नाही आणि तिचं बरोबर आहे. पण मामा, ती रडत नाही, रागवत नाही, चहा केला की दोन कप करते आणि दुसरा तसाच ठेवते. तिला निदान एकदा त्याचं नाव तिथे ऐकू यायला पाहिजे. तिथून लाइव्ह दाखवणार आहेत.

माझं ऑफिसमधलं काम नियम वाचायचं आहे, म्हणून तुला नियम विचारते. हेळवीच्या पद्धतीत मोठा भाऊ आधी गेला आणि धाकट्याला टर्बन मिळाला, तर काय म्हणतात? काहीतरी म्हणत असतीलच. तिकडे नावं संपली की मला शपथ घ्यायची आहे. तेव्हा माझं नाव मी स्वतः सांगायचं असतं, त्याची लाइन कोणी लिहून दिलेली नाही.

प्लीज लवकर लिही. मामीला हग.

तुझी,
केया

ता. क. फेटा मस्त आहे. पिसं त्याच्यावर बसत नाहीत. ट्राय केलं.

•

गडहिंग्लज,
६ जुलै २०२५

चि. केयास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र सुलभाने तीन वेळा वाचायला लावलं. तुझ्या मराठीला आठ मार्क दिलेत, दोन हग या शब्दाचे कापले.

सत्याप्पाला फोन केला तर तो म्हणाला, असल्या गोष्टी फोनवर सांगत नाहीत. म्हणून आम्ही दोघं त्याच्या गावी जाऊन आलो, संकेश्वरच्या पुढे. घरात चोपड्यांची मोठी पेटी आहे, तिच्यावर त्याची नातवंडं बसून मोबाइल बघतात. सुलभा आधीचा राग धरून दारातच उभी राहिली होती. त्याने तिला पाणी दिलं आणि तुझा प्रश्न नीट ऐकून घेतला.

तो म्हणाला, थोरला पागोट्याआधी गेला आणि मान धाकट्याकडे आला, तर आमच्या घरात धाकट्याचं नाव कधी एकटं घेत नाहीत. अमक्याच्या पाठचा तमका, असंच म्हणतात. थोरला रेघेत येत नाही, पण त्याच्यावरून गेल्याशिवाय धाकट्यापर्यंत पोचताही येत नाही. त्याच्या बापाने असं शिकवलं, त्याच्या बापाला त्याच्या बापाने. मी विचारलं, पोरगी असली तर? तर पाठची म्हणायचं, त्यात काय, असं म्हणाला.

मी म्हटलं, पण तिकडचा म्हणणारा म्हणाला नाही तर? त्यावर सत्याप्पा माझ्याकडे खुळ्यासारखा बघायला लागला. यादी त्याची, पण पोरीला स्वतःचं तोंड नाही काय, म्हणाला.

तर बाळ, नियम हा असा. पुढचं तू बघ. आईला ओढू नकोस. ती जिथे बसेल तिथून ऐकेल.

निघताना सुलभाने त्याला जोंधळे दिले. दोन सुपं.

मामावरचा हक्क कधी सोडू नकोस.

तुझा,
संजयमामा

•

फुजैरा,
३१ ऑगस्ट २०२५

ती. दादास,
सा. न. वि. वि.

समारंभ झाला. मी गेले नव्हते, इथेच होते. बाहेर शेहेचाळीस अंश, समुद्रकाठच्या कॉर्निशवर कुत्रं नव्हतं.

तिकडचे बारा म्हणजे आमचे तीन. कुलसुम अडीचलाच आली. लॅपटॉप मांडायला टेबलावर जागा नाही म्हणून तिने मला न विचारता जयच्या चारही फाइली उचलल्या आणि आतल्या कॉटवर नेऊन ठेवल्या. मी बघत राहिले. थांब म्हणावं असं वाटून तोंड उघडेपर्यंत तिने टेबल पुसूनही टाकलं होतं.

तिकडे पाऊस होता. दोनशे-अडीचशे माणसं छत्र्या घेऊन उभी, दगड अगदी साधा, आपल्या परड्यातल्या धुण्याच्या दगडाएवढा. केया त्यावर चढली. तुझा फेटा तिने उपरण्यासारखा खांद्यावरून घेतला होता, केशरी रंग लांबून दिसत होता. म्हाताऱ्याने नावं म्हटली, त्यांच्या जुन्या गेलिक भाषेत. मी कागद हातात धरून खुणा करत होते. वीस. एकवीस. संपली. मला वाटलं होतं तसंच झालं. काही झालं नाही.

मग तिला काठी दिली आणि तिने शपथ सुरू केली. इंग्रजीत म्हणाली, मी केया, कॅलमची मुलगी. तिथे थांबली. इतकी थांबली की कुलसुमला नेट अडकलं वाटलं. मग मराठीत म्हणाली, जयच्या पाठची. स्वच्छ म्हणाली, दादा. लहानपणी मी तिच्याकडून पाठ घोटून घ्यायचे तेव्हासुद्धा तिचा उच्चार कधी इतका चांगला नव्हता. आणि पुढची शपथ परत इंग्रजीत.

तिथल्या लोकांना ते गेलिकच वाटलं. पुढच्या रांगेतल्या दोघा-तिघांनी टोप्या काढल्या. कुलसुम जय एवढंच समजून हमसून हमसून रडली. मी तिला पाणी आणून दिलं. मला रडू आलं नाही. बोटं गार पडली होती, ती चहाच्या कपाला धरून बसले.

तू आणि वहिनी संकेश्वरला गेला होतात, हे केयाने नंतर सांगितलं. तुम्ही मला काही कळवलं नाहीत, ते बरं केलंत.

काल सेक्रेटरीबाईंचा मेल आला. नावं म्हणणाऱ्या म्हाताऱ्याने त्यांना सांगितलं म्हणे, की प्रमुख बाई जे बोलल्या ते गेलिक नव्हे. शपथेचा शब्द न् शब्द त्यांच्या वहीत कायमचा लिहितात, तेव्हा ती भाषा कोणती, ते शब्द कोणते आणि त्यांचा अर्थ काय, ते कळवावं. केयाने तो मेल माझ्याकडे पाठवला, मराठीचं खातं माझ्याकडे आहे म्हणून. सकाळपासून उत्तर लिहितेय. पाठची याला इंग्रजीत शब्द नाही. शेवटी मी लिहिलं, जय आधी आला, त्याच्यामागून केया आली. आणि खाली दोघांची नावं, जन्मतारखांसकट, तशाच क्रमाने. चौदा महिने म्हणत होते, आता वीस झाले, इतक्या दिवसांत त्याचं नाव तिच्या नावाच्या वर मी पहिल्यांदा लिहिलं. मग तीन वेळा तपासून पाठवलं.

फाइली अजून कॉटवर आहेत. हे पत्र टेबलाच्या त्या अर्ध्यावर बसून लिहितेय, जिथे त्या असायच्या. इकडून खिडकी दिसते.

वहिनीला नमस्कार, सत्याप्पाला रामराम. तुमची माया इथवर पोचते, ती थांबवू नका.

एकदा फोन कर. उचलीन असं कबूल करत नाही. पण वाजू दे.

तुझी,
उर्मिला