शिवणाच्या डब्यातलं मीठ

ता. ९ फेब्रुवारी

ती. ताईस,

गुडघे वाकत नाहीत, तेव्हा साष्टांग राहू दे, नुसताच नमस्कार घे. आम्ही सगळे ठीक आहोत. इथे थंडी आहे. नात दुसरीत आहे, पुढचे दोन दात पडल्यामुळे बोलते कमी आणि फुंकते जास्त. सून नेहमीसारखी पहाटे शहरबस चालवायला जाते. रस्त्यावर एवढं धूड अलगद वळवते, पण घरात माझ्या खुर्चीला धडकल्याशिवाय पुढे सरकत नाही.

चिरंजीव कामात असतात.

सांगायचं म्हणजे, माझा या देशात कायम राहण्याचा अर्ज इथल्या सरकारनं नामंजूर केला. घाबरू नकोस. कोर्टात अपील केलं आहे आणि निकाल लागेपर्यंत मला कुणी हलवू शकत नाही. तू माझ्यासाठी मधली खोली रंगवून घेतलीस, पलंगही आणलास, हे वाचून डोळे भरून आले. गादीचं मात्र इतक्यात बघू नकोस.

आणि हो, पाकिटावर माझ्या लेकाचं नाव घालत जाऊ नकोस. नुसतं माझं घाल. इथला पोस्टमन गोंधळतो.

तुझी धाकटी

ता. २० एप्रिल

ती. ताईस नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. तुमच्या पोस्टमनला एका पाकिटावरची दोन नावं वाचता येत नाहीत का, असं विचारतेस. लहानपणीही तुझ्यापासून काही लपवायची सोय नव्हती. तर ऐक, आणि वाचताना मध्येच उठू नकोस.

तुझा भाचा या घरात राहत नाही. दोन वर्षं झाली. रीतसर घटस्फोट घेऊन त्यानं दुसरा संसार मांडला आहे. ज्या लेकाचं कौतुक तुला पानंच्या पानं ऐकवलं, त्याचं हे कुठल्या तोंडानं लिहायचं? मला शरम वाटली, म्हणून गप्प राहिले. मी इथे आले ती त्याची आश्रित म्हणून. तो घरातून गेला आणि माझा कागदावरचा आधारही गेला. अर्ज बघणाऱ्या सरकारी कचेरीनं कळवलं की या बाईंचं या घरातल्या बाईशी आता कोणतंही नातं उरलेलं नाही, तरी त्यांनी परत जावं. त्याला फोन केला तर म्हणाला, “आई, तू मावशीकडे जा ना. तिकीट मी काढतो.” मी फोन ठेवून दिला.

अपील त्यानं केलेलं नाही, ताई. सुनेनं केलं. मला विचारलंसुद्धा नाही. परस्पर वकीलबाईंना भेटून आली आणि संध्याकाळी भांडी घासता घासता म्हणाली, तुम्ही कुठेही जायचं नाही, पोरीला शाळेतून कोण आणणार? मी म्हटलं, म्हणजे मी बिनपगारी आया. ती म्हणाली, हो, आणि वर कटकट फुकट. एवढंच आमचं बोलणं झालं.

परवा सुनावणी झाली. दोघींनी एकमेकींबद्दल चांगलं बोलायचं, असं वकीलबाईंनी बजावलं होतं. आम्ही स्वयंपाकघरात तालीम केली. नात न्यायाधीश झाली होती. सगळं ऐकून तिनं निकाल दिला की तुम्ही दोघी खोटं बोलताय.

कोर्टातही तेच झालं. मी म्हटलं, सून फार गुणी आहे. ती म्हणाली, सासूबाई फार प्रेमळ आहेत. दुभाषी बाई निमूट सांगत होत्या आणि न्यायाधीशबाईंचा चेहरा काही हलेना. सरकारी वकील म्हणाला, हे सगळं पाठ केलेलं दिसतं, दोघी केवळ सोय म्हणून एकत्र राहतात. मग त्यानं सुनेला विचारलं, यांच्या तब्येतीसाठी तुम्ही नेमकं काय करता? ती म्हणाली, त्यांना रक्तदाब आहे, म्हणून जेवणात मीठ बेताचं घालते.

ताई, मला राहवेना.

“बेताचं कसलं? नावालाही नसतं. बरणी कपाटावर ठेवते, माझा हात पुरू नये म्हणून.”

सून सरकारी वकिलाला विसरलीच. सरळ माझ्याकडे वळली. “मग शिवणाच्या डब्यात मीठ कुणाचं आहे?”

बटणांखाली लपवलेल्या त्या डबीबद्दल मी देवालाही सांगितलं नव्हतं. तुला कसं कळलं, असं कसंबसं विचारलं.

“कळायचंय काय? दर रविवारी ती डबी मीच भरते. डॉक्टरांनी सांगितलेलं मीठ आहे ते, रक्तदाबवाल्यांचं. तुमचं मी केव्हाच फेकलं.”

“तरीच मेलं अळणी लागायचं!”

हे मी भर कोर्टात ओरडले. दुभाषी बाईंनी इमानेइतबारे तेही सांगितलं. वकीलबाईंनी कपाळाला हात लावला. झालं, म्हटलं, आता बांधा बोचकं. न्यायाधीशबाईंनी पेन खाली ठेवून विचारलं, हे भांडण केव्हापासूनचं आहे? दोघी एकदमच बोललो, लग्नापासूनचं. घटस्फोटानंतर थांबलं नाही का, असं त्यांनी विचारलं. सून म्हणाली, “थांबायचं काय कारण?”

मग त्या लिहायला लागल्या, बराच वेळ लिहीत होत्या.

निकाल राखून ठेवला आहे. तरी तुला खरं सांगते, कोर्टातून घरी आले ती ताठ मानेनं. दोन वर्षं मी स्वतःला त्या पोरीच्या गळ्यातली धोंड समजत होते. आणि ती दमूनभागून आल्यावर गुपचूप माझी चोरी सांभाळत होती, मला ओशाळं वाटू नये म्हणून तोंडातून चकार शब्द न काढता. पोटच्या पोरानं जे केलं नाही, ते तिनं केलं.

तुझी धाकटी

ता. ३ जून

ताई,

नमस्कार नंतर, आधी बातमी. जिंकलो.

वकीलबाईंचा फोन आला तेव्हा सून कामावर होती. मी नातीला घेऊन तडक बसथांब्यावर गेले आणि तिची बस येईपर्यंत उभी राहिले. दार उघडताच नात किंचाळली, आजी राहणार. सुनेनं हातब्रेक ओढला, ती खाली उतरली आणि भर रस्त्यात माझ्या गळ्यात पडून रडली. मीही रडले, आता लपवायचं कशाला. मागच्या गाड्या भोंगे वाजवत होत्या. उतारूंना भाषा कळत नव्हती, तरी त्यांनी टाळ्या वाजवल्या. मग डोळे पुसून ती म्हणाली, तिकीट काढा आणि बसा आत. अगदी पुढच्या सीटवर बसून मी शेवटच्या थांब्यापर्यंत मिरवले.

निकालात लिहिलं आहे, “सोयीपुरती एकत्र राहणारी माणसं दुसऱ्यानं लपवलेल्या मिठाची काळजी वाहत नाहीत. हे कुटुंब आहे.” नातीनं ते तोंडपाठ केलं आहे आणि आल्यागेल्याला ती ते ऐकवते.

लेकाचाही फोन आला, अभिनंदन म्हणाला. मी म्हटलं, पोरीला भेटायला येत जा, जेवायला अळणी मिळेल.

मधल्या खोलीत चांगलासा भाडेकरू बघ. त्याआधी तू इथे येऊन जा. मीठ मात्र आणू नकोस, आमच्याकडे झडती होते.

आणि पोस्टमन आता शहाणा झाला आहे. पाकिटावर माझ्या नावाखाली माझ्या सुनेचं नाव घाल, चांगलं ठळक.

तुझी धाकटी,
कायमचा मुक्काम सुनेच्या घरी