अकरा नंबरची डबी

५ फेब्रुवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तुझे मार्क पोचले. हातांच्या भेगांसाठी मी बनवून पाठवलेल्या बाराही मलमांना दहापैकी नऊ! अगं, इतकी उदार कधीपासून झालीस? माझ्या अक्षराला जन्मात चारच्या वर चढू दिलं नाहीस.

इथे माझ्या जिवाला चैन नाही. प्रत्येक डबीत तेल, मेण, पाणी, औषध सगळ्यांचं प्रमाण एकदमच बदललंय. एकेकटा जिन्नस गुणी असला तरी एकत्र आल्यावर काय करील सांगता येत नाही. तू नि आई एका स्वयंपाकघरात, तसंच. सगळी प्रमाणं आणि मलमं लावून बघणाऱ्या तुम्हा सहा जणींचे मार्क एकत्र मांडून कॉम्प्युटर चांगलं मिश्रण शोधतो. पण भेगाळलेले हात सहांत तुझ्या एकटीचे, आणि तुझे मार्क जागचे हलत नाहीत! बाकीच्या पाच जणींच्या भरवशावर त्याने अकरा नंबर निवडलाय. सोळा तारखेला साहेब तो मोठ्या टाकीत बनवायला घेणार. सगळी मलमं खरंच सारखी वाटली का गं?

लोभ आहेच, वाढवायला जागा उरली असेल तर वाढव.

तुझी,
भिंगरी


९ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

मी मजेत. हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात चादरींचे ढीग काही संपत नाहीत. तुझी मलमं छानच आहेत. तुझी आई म्हणत होती, हे जमलं नाही तर तुझी नोकरी जाईल. असं काही मनात आणू नकोस आणि वेळेवर जेव. हे पत्र शेजारणीने लिहून दिलंय, माझ्या बोटांना जरासं लागलंय.

मावशी


११ फेब्रुवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

काय लागलंय? शेजारणीला लिहायला सांगण्याइतकं? तुला माझी शपथ, खरं काय ते कळव. पाच दिवस उरलेत.

भिंगरी


१३ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

रागावू नकोस. अकरा नंबर लावला आणि हातांची नुसती आग आग झाली. तरी आठ दिवस लावत राहिले, म्हटलं आपल्या पोरीचं आहे, गुण येईल. भेगा चिघळल्यात, पेन धरवत नाही, हेही शेजारीणच लिहितेय. तुझी नोकरी जाईल या भीतीने सगळीकडे नऊ लिहिले. खरे मार्क सोबत आहेत. चार नंबरला सात, नवाला पाच. अकराला शून्य.

तुझी मूर्ख मावशी


१७ फेब्रुवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

पंधराला तुझं पत्र आलं. वाचून रडले, मग तुझ्यावर चिडले, मग पळत साहेबांकडे गेले. टाकी थांबवली. तुझे मार्क घातल्याबरोबर कॉम्प्युटरने अकरा नंबरवरून तोंडच फिरवलं. औषध आणि पाणी दोन्ही जास्त असली की भेगांत झोंबतं. धडधाकट हातांना ते कळलंच नाही! साहेब खवळलेत, महिनाभराची मुदत दिलीय. पुढचं पुढे. सोबत नवं मिश्रण, तेरा नंबर, पाठवतेय. हात बरे झाल्याशिवाय लावायचा नाही, आणि झोंबला तर त्याच क्षणी धुऊन टाकायचा. माझी दया येऊन मार्क वाढवलेस तर बोलणार नाही तुझ्याशी.

भिंगरी


१४ मार्च

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

डॉक्टरांच्या औषधाने हात भरले, तेव्हाच तेरा नंबर उघडला. दहा दिवस लावतेय. झोंबत नाही. रोज चादरी धुऊनही नवी भेग नाही. मार्क आठ. दोन कापले, वास औषधाच्या कपाटासारखा येतो. साहेबांना सांग, मावशी कुणाला फुकट मार्क देत नाही.

आता शेजारणीची गरज नाही. अक्षर चारच मार्कांचं आलंय, पण बघ, माझं आहे.

मावशी