विजूच्या नावाचा कोंबडा

९ फेब्रुवारी, रविवार

सकाळी धाकट्या भावाचा, विजूचा फोन, अमेरिकेतून. तिथे शनिवारची रात्र, सत्संगाहून नुकता घरी आलेला. हृदयाचं दुखणं झाल्यापासून दर शनिवारी जातो. आवाजही मऊ झालाय त्याचा.

"दादा, गुरुजींनी मंडळातल्या पोरांना सांगितलंय, आपापल्या घराण्याचं दैवत शोधा. ईशाने विचारलं, बाबा, आपलं कोणतं? मला लेकीला धड सांगता येईना. तू लिही ना. आपल्या बांधावरच्या म्हसोबाचं, आईचं. जसं आहे तसं. तुझ्यासारखं."

जूनमध्ये मंडळातली काही कुटुंबं घेऊन येणार आहे, राहात्याजवळ आपल्या रानात.

'तुझ्यासारखं' ऐकून बरं वाटलं. पेपरातून निवृत्त झाल्यापासून कुणी काही लिहायला सांगितलं नव्हतं. मंगल म्हणाली, "अहो, डेडलाइन विचारली का?" विचारली होती. महिनाअखेर.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

सोपं वाटलं होतं, जमेना. आईवर लिहायला लागलो की वाक्य ओलं होतं. शेवटी बातमीसारखं लिहिलं. पेरूच्या बागेचा बांध, लिंबाखाली शेंदूर फासलेला दगड. डोळे नाहीत, तोंड नाही. विजू जन्मला तेव्हा अंगावर पिईना, निळा पडायचा. आई म्हसोबाला नवस बोलली: पोरगं जगू दे, तो जिता असेतोवर दर आखाडात त्याच्या नावाचा कोंबडा देईन. तिने तो पाळला. वि. अमेरिकेला गेला तरी पाळला. ती गेल्यावर शांतावहिनी पाळतात. माझ्या चुलतभावाची बायको, रान आता त्याच करतात. सुरी लावताना मोठ्याने म्हणायचं, "विजूच्या नावाचा." नाव घेतलं नाही तर तो नुसता कोंबडा. मग बांधावरच रस्सा-भाकरी. उरलेलं घरी न्यायचं नाही. हाडाची नळी फोडून चोखण्यात आईचा हात कुणी धरू शकायचं नाही.

तेही लिहिलं. जसं आहे तसं.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

मजकूर पाठवला. वि.चं उत्तर लगेच: "दादा, डोळ्यांत पाणी आलं." पुढे हात जोडल्याच्या चिन्हांची रांग. मंगलला दाखवलं. परत एकदा दाखवलं तेव्हा म्हणाली, "वाचलं की मघाशी."

२१ एप्रिल, सोमवार

शांतावहिनींचा फोन. बांधावर गवंडी आलेत. वि.ने परस्पर काम सांगितलंय.

"भाऊजी, वटा बांधत्यात. फरशी लई गुळगुळीत हाय. म्हसोबा घसरंल की आमचा!"

वि.ला विचारलं. "सरप्राइज आहे, दादा. पाहुणे यायचेत, जरा नीटनेटकं दिसायला हवं." बरं. दगडाभोवती फरशी आली म्हणून काय होतं?

१४ जून, शनिवार

भिंगारहून पहाटे निघालो, मंगल आणि मी. पाहुण्यांच्या गाड्या आमच्या आधी पोचलेल्या.

दगडाला चांदीचे डोळे बसवलेत. शेजारी पितळी गदा टेकवलीय. मला आधी कळेना, गदा कुणी विसरलं की काय. मग पाटी पाहिली. काळा ग्रॅनाइट, सोनेरी अक्षरं. वर: 'श्री मारुती प्रसन्न'. खाली माझाच मजकूर. लिंब माझा, पेरूची बाग माझी, स्वल्पविरामसुद्धा माझे. फक्त म्हसोबा होता तिथे मारुती. आणि नवसाच्या परिच्छेदाच्या जागी एक वाक्य: 'आमच्या मातोश्रींनी आजन्म शुद्ध शाकाहाराचे व्रत पाळले.'

सगळ्यात शेवटी 'शब्दांकन', आणि माझं पूर्ण नाव.

पाहुणे वाईट नव्हते, हे लिहून ठेवतो. एक बाई मूठभर माती कपाळाला लावून रडल्या. मला म्हणाल्या, "तुम्ही किती भाग्यवान! आम्हाला हे विकत घेऊनही मिळत नाही." खोटं रडत नव्हत्या. त्यांच्यावर कसं चिडायचं?

मारुतीची आरती झाली. वहिनी पदर तोंडाला लावून मागे उभ्या. मंगलच्या कानात बोलल्या, मला ऐकू आलं: "आत्याबाई वरून बघत आसत्याल तर पोट धरून हसत्याल."

ईशाने पाटी बोट ठेवून वाचली. रविवारच्या मराठी वर्गात शिकलीय तिकडे. "काका, किती छान लिहिलंय. आजी कधीच नॉनव्हेज खात नव्हती?"

सगळे माझ्याकडे बघत होते. वि. गदेकडे बघत होता.

"चला, जेवायला उशीर होतोय," म्हणालो.

१५ जून, रविवार

वि. ज्या हॉटेलात उतरलाय तिथे गेलो. एकटाच होता.

"दादा, ओरडू नकोस."

मी ओरडत नव्हतो. ओरडायला यावं असं वाटत होतं.

मग त्याने सांगितलं. हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर मंडळातल्या एका वडीलधाऱ्या माणसाने विचारलं, तुमच्या नावाने कुठे जीव घेतला जातो का? हा म्हणाला, हो, दरवर्षी. तो म्हणाला, मग तुम्हाला छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटतं ते कशाने? तेव्हापासून झोप नाही. "तू हसला असतास, म्हणून तुला सांगितलं नाही."

हसलो असतो. खरंय.

"पण माझं नाव का घातलंस पाटीवर?"

"तुझं नाव इकडे चालतं, दादा. तू लिहिलंस म्हटल्यावर गावात कुणी उलट विचारत नाही."

म्हणजे फोन केला तेव्हाच ठरलेलं होतं. लेख नकोच होता. आणि डोळ्यांतलं पाणी? ते विचारलं नाही.

"आईबद्दलचं तरी..."

"मुलांना काय सांगू? आजी बांधावर बसून हाडं चोखायची? तिकडे लोक आपल्याला काय समजतात तुला माहीत नाही. तिथे राहून हिंदू असणं इथल्यासारखं फुकट नसतं."

उठताना म्हणाला, "यंदापासून माझ्या नावाचा कोंबडा बंद. वहिनींना तू सांग."

"नवस आईचा आहे."

"बोलली ती. भोगतोय मी."

जिन्यावरून उतरताना ते वाक्य डोक्यात फिरत होतं. पोरगं जगावं म्हणून बोलली ती. जगला म्हणून तर भोगतोय. हे त्याला तिथेच म्हणायला हवं होतं. सुचलं खाली आल्यावर.

१९ जून, गुरुवार

वि. परत गेला. मी खुलासा लिहिला. पेपरात चूक गेली की दुसऱ्या दिवशी चौकटीत छापायचो तसा, दोन वाक्यांचा. 'सदर दैवत म्हसोबा आहे. मातोश्री मांसाहार करत.' छापणार कुठे? ग्रॅनाइटला दुसरा दिवस नसतो. वि.ला पाठवला: पाटी बदल, नाहीतर माझं नाव काढ. उत्तर: "नंतर बोलू, दादा."

मंगल म्हणाली, "नाव खरडून टाका. छिन्नी मिळते बाजारात."

"मजकूर राहीलच ना."

"राहू दे. म्हसोबा काय वाचायला बसलाय?"

मी म्हसोबाला मानतो का? आजवर स्वतःला विचारलं नाही. आईला मानतो. तिच्या ताटातली नळी पुसून टाकली, ते मात्र...

५ जुलै, शनिवार

रानात गेलो होतो. ओट्यावर शेजारच्या गावच्या दोन बायका. रुईच्या पानांची माळ, तेलाची बाटली. दगडावर धार धरलेली.

"नवसाला पावतो म्हनं ह्यो मारुती."

"कोण म्हणालं?"

"लोकं म्हनत्यात. पाटीवर नाव बी हाय मारुतीचं. पेपरवाल्या सायबांनी लिवलंय."

म्हटलं, बाई, हा म्हसोबा आहे.

"आसंल बाबा," ती म्हणाली आणि उरलेलं तेल ओतलं. दुसरी हळूच तिला म्हणाली, "याड लागलंय का म्हाताऱ्याला?"

पेपरवाले साहेब आपणच, हे सांगायची हिंमत झाली नाही.

११ जुलै, शुक्रवार

वहिनींना सांगायचं आजवर टाळत होतो. सकाळी वहिनींचाच फोन आला.

"भाऊजी, परवा आखाडातला रविवार हाय. करायचं ना? कोंबडा राखून ठिवलाय. निस्ता माजलाय, पोरांच्या अंगावर जातोय."

सांगितलं. विजू नको म्हणतोय. त्याच्या नावाचा बंद.

 वहिनी म्हणाल्या, "आसं कसं बंद? आत्याबाईंचा सबुद हाय. त्यो जिता हाय ना?"

"आहे."

"मंग? नवस फिटला आसं कुनी ठरवायचं? ज्याच्यासाठी बोलला त्यानं?"

मी म्हणालो, त्याला भीती वाटते, वहिनी. त्याच्या नावाने जीव घेतला की त्याच्याच जिवावर येतं, असं त्याच्या मनाने घेतलंय.

"आन् मला न्हाई वाटत व्हय? मारुतीम्होरं रगत सांडलं तर गाव मला झोडंल. न्हाई सांडलं तर म्हसोबा झोडंल. तिकडं बसून सोपं हाय त्याला. मी करनार. वट्यावर न्हाई तर वट्याच्या मागं. निस्तं नाव कुनाचं घिऊ तेवढं सांगा. न्हाईतर तुमचं घेते. तुमचं तर लिवल्यालं हायच तितं."

रागाने नाही म्हणाल्या. म्हणूनच लागलं.

१२ जुलै, शनिवार

उद्याच्या पहिल्या एसटीने निघायचं ठरवलंय. मंगल म्हणते, तुम्ही जाऊच नका, वहिनी बघतील. पण मग त्या माझं नाव घेतील. घेतलं तर घेतलं, त्यात काय आहे? पण आई माझ्यासाठी कधी नवस बोललेली नाही, मी धडधाकट होतो. तिचा शब्द दुसऱ्याच्याच नावावर फेडायचा? आणि विजूचं घ्या म्हणावं, तर त्याची छाती. उद्या त्याला काही झालं तर तो कुणाला धरेल? मी कुणाला धरेन?

हे लिहीत होतो तेवढ्यात वि.चा फोन. पाटीचा विषय त्याने काढला नाही, मीही नाही. सोमवारी पुन्हा तपासणी आहे म्हणाला. डॉक्टर म्हणतात, नेहमीचीच. आवाज नेहमीचा नव्हता.

"वहिनींशी बोललास ना, दादा?"

"बोललो."

"मग? काय म्हणाल्या?"

"विचारतायत."

"काय विचारतायत?"

"नाव," म्हणालो.

तिकडे त्याने दार लावून घेतल्याचा आवाज आला. फोन चालू होता.