पोपटाची दुसरी ओळ

आई, आज एकादशी. देवघराच्या दारावरचं क्रोशाचं तोरण उतरवून रिठ्याच्या पाण्यात धुतलं आणि पडवीत सावलीला वाळत घातलं. वाळताना ते आक्रसतं, म्हणून मधूनमधून कडा ओढून सरळ कराव्या लागतात, तू करायचीस तशा. कडा ओढता ओढता तुला सांगायचं किती साठलंय ते ध्यानात आलं. भगर आणि शेंगदाण्याची आमटी लवकरच झाली, पोथीचा अध्यायही झाला. जमाखर्चाच्या वहीची मागची पानं दरवर्षी कोरी राहतात, ती वाया घालवण्यापेक्षा तुझ्यासाठी वापरते.

माझी सून तू पाहिली नाहीस. ती आमच्याच गावच्या शाळेत बाई आहे, सहावी-सातवीला शिकवते. हल्ली शाळेत कोडिंग म्हणून एक आलंय. म्हणजे संगणकाला एकामागून एक काय करायचं ते सांगायचं, आणि तो नेमकं तेवढंच करतो, आपल्या मनातलं काही ओळखत नाही. मला वाटलं होतं त्याचा वेगळा तास असेल. पण सूनबाईचं म्हणणं असं की वेगळा तास घेतला की पोरं ते वेगळ्या डब्यात ठेवतात आणि झाकण लावतात. म्हणून ती प्रत्येक विषयात ते मिसळते, पिठात मोहन घालावं तसं. मराठीत जर-तरची वाक्यं आली की त्याच वाक्यांवर संगणक चालवायचा. विज्ञानात झाडांना पाणी कधी द्यायचं ते मातीच्या ओलीवरून त्याला ठरवायला लावायचं. पोरं रमली, पण गावात कुजबुज सुरू झाली. पारनेरच्या बाजूला पाऊस बेताचा, जमीन बेताची, त्यामुळे आईबाप पोरांच्या मार्कांकडे डोळे लावून असतात. बाई पुस्तक सोडून खेळ शिकवतात, असं कुणीतरी मुख्याध्यापकांच्या कानावर घातलं. त्यांनी सुनेला स्पष्टच सांगितलं की पालकसभा घेऊ, पालकांना पटलं तर चालू ठेवा, नाहीतर पुस्तकाप्रमाणे शिकवा. त्या दिवसापासून ती घरात कमी बोलायला लागली. एरवी भाकरी थापताना गुणगुणणारी बाई, पण आठवडाभर परातीचाच तेवढा आवाज.

एका सकाळी मी पूजा करत होते आणि ती फुलं घेऊन आली. तोरणाकडे बघत उभी राहिली आणि म्हणाली, "आई, या जाळीत कुठलं घर भरायचं आणि कुठलं रिकामं ठेवायचं, हे तुम्हाला कसं कळतं?" मी म्हटलं, ओळ डोक्यात असते, तोंडाने म्हणायची आणि हाताने करायची. तिचे डोळे चमकले. दुसऱ्या दिवशी कार्यानुभवाच्या तासाला तिने मला शाळेत नेलं. मी खुर्चीवर बसून क्रोशाची सुई चालवते आहे, तोंडाने म्हणते आहे, दोन रिकामी, तीन भरलेली, एक रिकामं, आणि पोरी भोवती बसून एकेक ओळ उतरवून घेत आहेत. पहिल्या दिवशी समईच्या दिव्याचा नमुना दिला. पोरींनी तो संगणकाला सांगितला आणि पडद्यावर आपला दिवा जसाच्या तसा उजळला. मला हसूच आलं, आई. आपल्या देवघरातला दिवा त्या काचेत! मग पोरी म्हणाल्या, आता पोपट. पालकसभेला तोच दाखवायचं ठरलं.

पोपट तर तुझाच. आपल्या घोडेगावकडच्या घरातलं चुलीपुढचं ते दुपारचं बसणं मला आजही दिसतं. चुलीत निखारे विझत आलेले, मांजर राखेशेजारी, आणि तुझ्या मांडीवर पांढऱ्या दोऱ्याचा गुंडा. बाजाराला गेलेले वडील येताना तो आठवणीने आणायचे. मॅट्रिकचा निकाल लागला तेव्हा मी तुला म्हटलं होतं की मला डीएडला जायचंय. पण माझं लग्न ठरल्यात जमा होतं आणि ते मोडण्याइतका तुझा शब्द घरात चालत नव्हता. दोन दिवसांनी तू तुझी चांगली सुई माझ्या हातात ठेवलीस. म्हणालीस, "बाई व्हायचं तुझ्या मनात हुतं, मला ठावं हाय. आता ह्ये तरी शीक. कुनाला तरी शिकवशील." मी रागात होते, पण सुई घेतली. तुझ्यासारखं पाठ करत बसायला नको म्हणून मी शाळेच्या चौकटीच्या कागदावर तुझा पोपट काढून घेतला आणि कागद बघून विणायला लागले. त्याआधीचा दिवा छान जमला होता. पोपट मात्र असा झाला की एका ओळीत चोच डावीकडे, पुढच्या ओळीत उजवीकडे, आणि शेपटीला दोन्हीकडून दात. तू हातात घेऊन बघितलंस आणि पदर तोंडाला लावून हसलीस. मी चिडले तेव्हा एवढंच म्हणालीस, "कागुद सरळ चालतो गं. हात जातो आन् माघारी येतो. दुसरी वळ उलटी वाच." मग सगळं उसवायला लावलंस. उसवलेला दोरा पाण्याचा हात लावून सरळ केलास आणि परत गुंडाळलास. टाकून दिला नाहीस. तेव्हापासून मीही दोरा कधी टाकला नाही.

पालकसभेच्या आदल्या दिवशी सूनबाई शाळेतून आली ती ओट्यावरच बसली. पोपट बिघडला होता. पोरींनी सगळ्या ओळी दोनदा ताडून पाहिल्या, तिनेही पाहिल्या, एक घर इकडचं तिकडे नाही, तरी पडद्यावर भलतंच येत होतं. ती म्हणाली, "राहू दे आई. उद्या नुसता दिवा दाखवते, आणि ते म्हणतील तसं करते." मी चहा टाकला आणि म्हटलं, मला तो बिघडलेला पोपट दाखव तरी. तिने मोबाईलवर फोटो उघडला. आई, काय सांगू तुला! चोच डावीकडे, चोच उजवीकडे, शेपटीला दोन्हीकडून दात. तो माझाच पोपट होता. मी सोळाव्या वर्षी केलेला, तू हसून उसवलेला. मी वर्गात हात जाईल तसं म्हणत गेले होते, एक ओळ जाताना आणि एक येताना. पोरींनी ते इमानाने लिहिलं, आणि संगणकाने प्रत्येक ओळ डावीकडूनच चालवली. दिवा दोन्हीकडून सारखा, म्हणून त्याचं काही बिघडलं नाही. मी मोठ्याने हसायला लागले, तुझ्यासारखाच पदर लावून, आणि सून माझ्याकडे बघत राहिली. मग मी तिला तुझी चूल, तुझा गुंडा, तुझं बोलणं, सगळं सांगितलं.

सकाळी सभेच्या आधी आम्ही दोघी शाळेत गेलो. कुठे बिघडलं ते मला सांगता येत होतं, पण संगणकाला काय सांगायचं ते मला कुठून येणार. सूनबाईने पोरींना उत्तर दिलं नाही. माझ्या हातात सुई देऊन म्हणाली, दोन ओळी विणा, आणि पोरींना म्हणाली, आजींच्या हाताकडे बघा. सातवीतली एक वेणीवाली पोरगी बघता बघता ताठ झाली. "बाई, आजी परत येताना उलट्या येत्यात. मंग त्याला सांगू ना, सम ओळ आली की उजवीकडून चाल." तिने संगणकातले सूचनांचे रंगीत तुकडे सरकवून जोडले आणि पोपट अंग झटकून बसावा तसा पडद्यावर नीट बसला.

सभेत जे व्हायचं ते झालंच. एक गृहस्थ, दुधाची गाडी असते त्यांची, उठून म्हणाले, अभ्यासाच्या वेळेत तोरणं करायला लागल्यावर परीक्षेत काय दाराला बांधायची का? सगळे हसले. सूनबाईने वाद घातला नाही. तिने त्यांनाच विचारलं की तुमच्या दारासाठी हा पोपट दुप्पट उंच आणि दुप्पट रुंद करायचा, तर घरं किती लागतील? ते म्हणाले, दुप्पट, आणखी किती. त्यांचीच मुलगी उठली, एक आकडा बदलला आणि पोपट पडदाभर झाला. मग तिने एका घराच्या जागी किती घरं झाली ते बोटाने दाखवलं. गृहस्थांनी बोटांवर मोजून पाहिलं. "चौपट? म्हंजे दोरा बी चौपट. हिच्या आईला सांगू नका कुनी, ती लगेच मोठा मागंल." मागे बसलेली त्या मुलीची आई म्हणाली, "ऐकलंय म्या." पुन्हा हशा झाला, पण आधीच्यासारखा नव्हे. मुख्याध्यापकांनी टाळ्या वगैरे काही वाजवल्या नाहीत. पुस्तक वेळेत संपवायचं एवढी अट घातली आणि चालू ठेवा म्हणाले. त्या संध्याकाळी भाकरी थापताना सूनबाई पुन्हा गुणगुणत होती. मी देवापुढे वात लावता लावता ऐकत बसले. देवाकडे वेगळं काही मागायचं राहिलंच नव्हतं.

आता दर शनिवारी मी कार्यानुभवाला जाते. आधी पोरी गेल्या वेळचं चुकलेलं उसवतात, मग विणतात, मग संगणकाला सांगतात. सुई तू दिलेलीच नेते, पण तुझ्या हातचं तोरण मात्र नेत नाही, ते पेटीत आहे. धुतलं ते माझं.

तोरण वाळलं वाटतं. हे पान फाडून कुठे पाठवायचं नाही, हिशेबाच्या मागेच राहील. पण एक गोष्ट सुनेलाही सांगितलेली नाही, ती तुला सांगते. गेल्या शनिवारी ती वर्गाबाहेर गेली होती, तेव्हा एका पोरीने विणकाम पुढे करून मला विचारलं, "बाई, इथून उलटं जायचं का?" आजी म्हण, असं मी तिला सांगायला हवं होतं. मी नुसतं हो म्हटलं.