टण आणि थप

प्रिय टकटक,

फोन सोडून पत्र कसलं, म्हणशील. मेसेज लिहायला घेतला होता, पण चार ओळींत मावेना. सामान पोचवणारा ड्रायव्हर तुझ्या कारखान्याकडेच निघालाय, त्याच्या हाती हे देतोय. वाचलंस की शनिवारी सकाळपर्यंत घरी ये. रजा माग, नाही दिली तर आजारी पड, काहीही कर, पण ये. रविवारी समोरच्या रॅम्पवर पोरांची स्केटबोर्डची स्पर्धा आहे आणि माझ्या जिवात जीव नाही.

आपल्या कोपऱ्यावर शिवणकाम करतात ना, त्या बाईंच्या मुलीचा स्केटबोर्ड तिच्या पायाखाली मोडला. बरोबर मधोमध. मनगट मोडलं बिचारीचं. प्लास्टर घालून, दोन्ही तुकडे काखोटीला मारून दुकानात आली आणि मलाच म्हणते, काका, दुसरी फळी द्या. मी तुटलेली कड उजेडात धरून पाहिली. वरखाली मेपलचा पापुद्रा, मधे कसलंसं मऊ, भुसभुशीत लाकूड. एका जागी गोंद पोचलाच नव्हता. थर नखाने सुटत होते.

महाग आणि स्वस्त फळीतला फरक तुला काय सांगायचा, तू त्यातच वाढलीस. मी स्वतः थर चिकटवून दाबतो त्या फळ्यांचे सातही थर मेपलचे, थंड मुलखात सावकाश वाढलेल्या झाडाचे. पाच उभे, दोन आडवे, आणि गोंद निवांत सुकू द्यायचा. वर्षभर आपटली तरी उसळी जात नाही. स्वस्तातली घाईघाईत गरम दाबलेली असते, तिची मागची वळलेली शेपटी लवकर झिजते, कडा सोलतात, पाणी लागलं की फुगते. तरी स्वस्त म्हणजे टाकाऊ नव्हे, हे तूच माझ्याशी हमरीतुमरीवर येऊन पटवलंस. शिकणाऱ्या पोरांना ती पुरते, आतून धड असली म्हणजे झालं. म्हणून तर दुकानात दोन्ही ठेवतो आणि प्रत्येक फळी वाकवलेल्या बोटाने ठोकून बघतो. टण म्हणाली तर पोरांना, थप म्हणाली तर भिंतीवर शोभेला. तू तर घरात ठोकायचं काही बाकी ठेवलं नाहीस. दारं, टेबलं, मामाचं टक्कल. भर पाहुण्यांत थप म्हणून निकाल दिलास, तो अजून धुसफुसतो.

त्या मुलीची फळी मीच ठोकली होती गं. ठोकली आणि दिली. त्याच स्वस्त गठ्ठ्यातल्या बाकीच्या फळ्या इतर पोरांच्या पायाखाली आहेत. रोज रॅम्पच्या कुंपणाशी जाऊन उभा राहतो आणि कुणी उंच उडालं की डोळे मिटून घेतो. पोरं हसतात, म्हणतात काका घाबरट झाले. शेवटी युक्ती केली. वरचा खरखरीत कागद फुकट बदलून देतो, असं सांगून सगळ्यांना शनिवारी फळ्या घेऊन बोलावलंय. येतीलही. पुढे काय? सरसकट काढून घेतल्या तर धडही जातील, पोरं स्पर्धेला मुकतील. आणि ठेवल्या तर त्यातली कुठली दगा देईल, मला कळत नाही. खरंच कळत नाही.

तू निघालीस तेव्हा म्हणाली होतीस, बाबा, आमच्याकडे यंत्र फळी तपासतं, तुमच्या कानांचे दिवस गेले. मी हसलो नाही, तू रुसलीस. त्यानंतर तुझा फोन आला की मी मान हलवून नको म्हणतो, आणि आई बिचारी तुला सांगते, अजून राग गेलेला नाही. राग कसला, वेडे. फोनमधून तुझा आवाज येतो तो नुसता घोगरा वारा. शब्द एकही लागत नाही. समोर बसलेल्या माणसाचे ओठ पाहून निभावतो. आईला शंका नाही, तिच्या मते मी लग्नापासूनच तिचं ऐकत नाही. पण फळीला ओठ नसतात. कितीतरी महिने मला सगळ्या सारख्याच वाटतायत, आणि मी सवयीने ठोकत, सवयीने देत राहिलो. टण आता फक्त तुझ्या कानात उरलंय. म्हणून ये. मी फळ्या पुढे करीन, तू ठोक आणि मला मान हलवून सांग. आणि दाराशी आल्यावर नेहमीसारखं टकटक करत उभी राहू नकोस. सरळ आत ये.

तुझाच,
बाबा