गाडीतून उतरले, तेव्हा

चि. जगन्नाथास अक्काचा आशीर्वाद.

मी ठणठणीत आहे. तुझा गुडघा कसा आहे?

रविवारी केदारने इथला, टेक्सासमधला, जुना तुरुंग दाखवला. पूर्वीचा शेरीफ आधी गोळी घालायचा, मग नाव विचारायचा म्हणे. मी म्हटलं, संपलं मेलं ते सगळं.

परतताना पोलिसाने गाडी थांबवली. आपल्याकडच्यासारखी गयावया करायला मी खाली उतरले. त्याचा हात पिस्तुलावर गेला. केदार ओरडला, "आई, हलू नकोस! हात वर कर!" माझा घोडा झालेला लेक पांढराफटक पडला होता.

मागचा दिवा बंद आहे, एवढं सांगून त्याने सोडलं.

तू फौजदार होतास, म्हणून विचारते. मी कमरेचा रुमाल काढायला गेले असते, तर त्याने झाडली असती का? खरं लिही. केदारला विचारायची माझी छाती होत नाही.

तुझी अक्का